इंदूरच्या जेलमधल्या माणसाशी व्हिडिओ मुलाकात: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

व्हिडिओ मुलाकातीचा अर्ज नाकारला गेला की घरचे पोर्टलला दोष देतात, नेटला देतात, नाहीतर जेलमधल्या बाबूला देतात. बहुतेक वेळा कारण फार साधं असतं. अर्जातलं नाव आणि जेलच्या नोंदीतलं नाव जुळत नाही. किंवा अर्जात भलतंच जेल निवडलेलं असतं. किंवा ज्या दिवशी भेट मागितली, त्याच दिवशी माणसाची कोर्टात पेशी, म्हणजे हजेरीची तारीख, असते. या तिन्ही चुका अर्ज भरण्याआधीच्या आहेत आणि तिन्ही टाळता येतात. म्हणून या लेखात फॉर्मपेक्षा फॉर्मच्या आधीच्या कामांवर जास्त लिहिलं आहे. इथले टप्पे क्रमानेच करा. दुसरा टप्पा सोडून पाचव्यावर उडी मारली, की आठवडा वाया जातो आणि आत वाट बघणाऱ्या माणसाला वाटतं, घरच्यांनी हात झटकले.

हा लेख इंदूरमधल्या मराठी घरांसाठी आहे. माणूस इंदूरच्या जेलमध्ये आणि आई-वडील पुण्याला किंवा नाशिकला, अशीही अनेक कुटुंबं असतात. त्यांना तर व्हिडिओ मुलाकात हाच नियमित भेटीचा परवडणारा मार्ग आहे.

## टप्पा १: माणूस नेमका कुठे आहे ते पक्कं करा

अटक झाली म्हणजे माणूस लगेच जेलमध्ये गेला असं नसतं. पोलीस कोठडीत असेपर्यंत तो ठाण्याच्या ताब्यात असतो आणि तिथे ई-मुलाकात, म्हणजे ऑनलाइन अर्ज करून मिळणारी भेट, चालत नाही. कोर्टाने न्यायालयीन कोठडी दिली, म्हणजे इथल्या भाषेत ‘जेल भेज दिया’, त्यानंतरच पुढची पावलं लागू होतात.

इंदुरात सेंट्रल जेल आणि जिल्हा जेल अशी दोन वेगळी जेलं आहेत. अर्जातल्या यादीतही ती वेगळी येतात. ‘इंदूर’ दिसलं की पहिल्या नावावर बोट ठेवायचं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. महू, देपालपूर किंवा सांवेरच्या प्रकरणात माणूस शहरातल्याच जेलमध्ये असेल असंही धरून चालू नका. वकिलांना एकच प्रश्न विचारा: ‘जेल वारंट कोणत्या जेलच्या नावाने निघालं?’ वारंटावर जे नाव असेल, तेच यादीत शोधायचं.

वकील फोन उचलत नसतील तर जेलच्या बाहेर मुलाकातीची खिडकी असते, तिथे विचारा. जाताना माणसाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, पोलीस ठाण्याचं नाव आणि गुन्हा क्रमांक एका कागदावर लिहून न्या. तोंडी सांगताना गोंधळ होतो, आणि खिडकीवर मागे रांग असते.

मुलगा अठरा वर्षांखालचा असेल तर तो जेलमध्ये नसतो, त्याला बाल निरीक्षण गृहात ठेवतात. तिथल्या भेटीचे नियम वेगळे आहेत. हा लेख त्यांना लागू नाही.

लक्षात ठेवा: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ प्रमाणे पंधरा दिवसांची पोलीस कोठडी सलग घेणं आता बंधनकारक नाही. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत पोलीस ती तुकड्यांनी मागू शकतात. म्हणजे जेलमध्ये गेलेला माणूस पुन्हा काही दिवस ठाण्यात जाऊ शकतो आणि तेवढ्यात ठरलेली मुलाकात बुडते. सुरुवातीच्या दोन महिन्यांत प्रत्येक अर्जाआधी वकिलांना हे विचारून घ्या.

## टप्पा २: आतून तुमचं नाव नोंदवून घ्या

हा टप्पा बहुतेक घरांना माहीतच नसतो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६ च्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलमध्ये अशी अपेक्षा आहे, की आत दाखल होताना बंदीने, म्हणजे जेलमधल्या माणसाने, आपल्याला कोण भेटायला येईल त्यांची यादी द्यावी आणि मुलाकात त्या यादीतल्या लोकांनाच मिळावी. आमदीच्या वेळी, म्हणजे जेलमध्ये पहिली नोंद होते तेव्हा, माणूस घाबरलेला असतो. समोरच्याने विचारलं की तो एक-दोन नावं सांगतो आणि गप्प होतो. बायकोचं नाव सांगतो, आईचं राहून जातं. किंवा घरातलं नाव सांगतो: ‘ताई’, ‘नाना’, ‘बंटी’.

म्हणून पहिल्या पेशीलाच वकिलांच्या हाती निरोप द्या, की भेटणाऱ्यांच्या यादीत अमुक नावं घाल, आणि आधार कार्डावर आहेत तशीच घाल. नावं कागदावर लिहून वकिलांना द्या, म्हणजे त्यांना आठवावं लागणार नाही. प्रत्येक नावापुढे नातं आणि मोबाईल नंबरही लिहा. आतून फोन करण्यासाठी जे नंबर मंजूर करून घ्यावे लागतात, त्यांनाही हाच कागद कामी येतो.

यादीत कोण असावं, हे घरात बसून ठरवा. एका मुलाकातीला मोजकीच माणसं चालतात, मॉडेल मॅन्युअलमध्ये साधारण तिघांची मर्यादा आहे. नाराजी होईल म्हणून सगळ्या काका-मामांना यादीत घालू नका. जो दर वेळी वेळेवर फोनसमोर बसेल, ज्याला अर्ज भरता येतो, ज्याच्याशी बोलून आतल्या माणसाला धीर येतो, अशी माणसं पुढे असू द्या. माझं मत स्पष्ट आहे: आई आणि बायको यांच्यात चढाओढ असेल तर ती घरातच मिटवा. दोघींनी एकाच आठवड्यासाठी वेगवेगळे अर्ज टाकले, तर मुलाकात एकीचीच होते आणि दुसरीचा अर्ज फुकट जातो. तो ताण आतल्या माणसापर्यंत पोचतो.

## टप्पा ३: नावांचा ताळा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मराठी घरांचे अर्ज अडतात ते मुख्यतः इथेच.

जेलमधली नोंद बहुधा पोलिसांच्या कागदांवरून होते. ते कागद हिंदीत असतात. हिंदीत ‘ळ’ लिहिण्याची सवय नाही, म्हणून काळे तिथे ‘काले’ होतात, जोगळेकर ‘जोगलेकर’ होतात आणि साळुंके ‘सालुंके’. ऑनलाइन अर्ज इंग्रजी अक्षरांत भरायचा असतो. तिथे ‘अभिजित’च्या ऱ्हस्व वेलांटीसाठी बहुधा एकच आय लिहितात आणि ‘अभिजीत’च्या दीर्घ वेलांटीसाठी दोन ई. ‘वाघमारे’, ‘वैद्य’, ‘क्षीरसागर’, ‘ज्ञानेश्वर’ यांचं इंग्रजी स्पेलिंग तर घरागणिक वेगळं असतं. तुमच्या मते बरोबर असलेलं स्पेलिंग इथे उपयोगाचं नाही. बंदीचं नाव जेलच्या नोंदीत जसं आहे तसंच भरायचं, चुकीचं असलं तरी. आणि तुमचं नाव तुमच्या ओळखपत्रावर जसं आहे तसं.

दुसरी अडचण मधल्या नावाची. आपण नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव एका ओळीत लिहितो. इथल्या नोंदीत नाव आणि आडनाव एका रकान्यात असतं, वडिलांचं नाव वेगळ्या रकान्यात. मराठी माणसाने तीनही नावं पहिल्या रकान्यात भरली आणि दुसऱ्या रकान्यात पुन्हा वडिलांचं नाव घातलं, तर नोंद जुळवणाऱ्याला ती वेगळीच व्यक्ती वाटू शकते.

तिसरी अडचण लग्न झालेल्या बहिणीची किंवा मुलीची. तिच्या आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव असतं. काही घरांत लग्नानंतर पहिलं नावही बदलतात. मग ‘नातं: बहीण’ लिहिलं तरी कागदावर ते कुठेच दिसत नाही. अशा वेळी नातं दाखवणारा एक जुना कागद जवळ असू द्या: शाळा सोडल्याचा दाखला, माहेरचं रेशन कार्ड किंवा लग्नाची नोंदणी. मध्य प्रदेशात राहणाऱ्या कुटुंबांसाठी समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा कुटुंब ओळख क्रमांक, हाही उपयोगी पडतो. एका घरातले सगळे सदस्य एकाच कुटुंब क्रमांकाखाली दिसतात, त्यामुळे आई, बायको आणि मुलं यांचं नातं एका कागदावर मिळतं. महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्यांकडे समग्र नसतो, त्यांनी रेशन कार्ड काढून ठेवावं.

आता एक कोरा कागद घ्या आणि तीन रकाने पाडा. पहिल्यात जेलच्या नोंदीतलं बंदीचं नाव, वडिलांचं नाव आणि वय. दुसऱ्यात एफआयआरमधलं नाव. तिसऱ्यात भेटणाऱ्यांची ओळखपत्रावरची नावं, ओळखपत्राचा क्रमांक आणि आतल्या यादीत सांगितलेलं नातं. पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यात फरक दिसला तर पहिलाच धरा.

तपासा: वयही जुळवा. पोलिसांच्या कागदावर वय अंदाजाने लिहिलेलं असू शकतं. अर्जात ‘४१’ आणि नोंदीत ‘३८’ असेल तर नोंदीतलं भरा.

जेलच्या नोंदीतलं नाव खरंच चुकीचं असेल, म्हणजे आडनावच वेगळं असेल, तर ते दुरुस्त करून घेणं गरजेचं आहे. जामिनाच्या वेळी सुटकेचा हुकूम आणि जेलची नोंद जुळली नाही, तर सुटका अडकते. पण ती दुरुस्ती वकिलांमार्फत कोर्टातून होते आणि तिला वेळ लागतो. तोवर मुलाकातीचे अर्ज थांबवू नका.

## टप्पा ४: तारीख ठरवा

अर्ज उघडण्याआधी पेशीची तारीख बघा. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे ॲप फुकट आहे. वकिलांकडून प्रकरणाचा सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक घ्या आणि त्यात टाका, पुढची तारीख दिसते. त्या दिवशी मुलाकात मागू नका. पेशी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने असली तरी नको, कारण माणूस त्या वेळी पेशीच्या खोलीत असू शकतो.

कोणत्या वारी कोणाची मुलाकात, कच्च्या, म्हणजे खटला चालू असलेल्या, कैद्यांची किती दिवसांनी आणि शिक्षा झालेल्यांची किती दिवसांनी, हे त्या त्या जेलचं वेळापत्रक असतं आणि ते बदलतं. खिडकीवरच्या फलकाचा फोटो काढून देणारा कोणी ओळखीचा असेल तर उत्तम. रविवार आणि सरकारी सुट्ट्या टाळा.

रक्षाबंधन आणि भाऊबीज या दिवसांसाठी जेल वेगळी व्यवस्था जाहीर करतं. ती दर वर्षी तशीच असेल असं नाही, म्हणून आधीच्या आठवड्यात चौकशी करा. बहिणींना प्रत्यक्ष भेट मिळणार असेल, तर त्या दिवसाची व्हिडिओ मुलाकात मागून वाट बघण्यापेक्षा स्वतः जा.

## टप्पा ५: अर्ज भरा

अर्ज ‘नॅशनल प्रिझन्स इन्फर्मेशन पोर्टल’वर भरायचा आहे. पत्ता असा: ईप्रिझन्स डॉट एनआयसी डॉट इन. हे केंद्र सरकारच्या ई-प्रिझन्स व्यवस्थेचं पोर्टल आहे. त्यावर ई-मुलाकात हा भाग आहे. अर्जाला फी नाही.

सावध राहा: ‘अर्ज पास करून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्याला काही देऊ नका. जेलच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्ज भरून घेतला, तर ओटीपी स्वतः टाका, आधारची प्रत तिथे ठेवू नका आणि ई-मेल तुमचाच द्या. दुकानदाराचा ई-मेल दिला तर मुलाकातीची लिंक त्याच्याकडे जाते, आणि ठरलेल्या वेळी त्याचं दुकान बंद असतं.

क्रम असा:

१. ई-मुलाकात उघडून नवीन नोंदणी निवडा.

२. भेटणाऱ्याची माहिती भरा: नाव, वडील किंवा पतीचं नाव, पत्ता, वय, नातं, ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक, ई-मेल, मोबाईल. तिसऱ्या रकान्यातूनच उतरवा, आठवणीतून भरू नका.

३. बरोबर आणखी कोणी बसणार असेल तर त्यांची नावं इथेच घाला. नंतर स्क्रीनसमोर अचानक दिसलेल्या माणसामुळे मुलाकात थांबवली जाऊ शकते.

४. राज्य मध्य प्रदेश, मग जेल. इथे थांबा आणि पहिल्या टप्प्यातलं नाव पुन्हा वाचा.

५. बंदीचं नाव, वडिलांचं नाव, वय. पहिल्या रकान्यातून.

६. मुलाकातीचा प्रकार: प्रत्यक्ष की व्हिडिओ. हा पर्याय घाईत चुकतो. मग मंजुरी येते ती प्रत्यक्ष भेटीची, आणि नाशिकची आई फोनसमोर बसून राहते.

७. तारीख, मग ओटीपी, मग नोंदणी क्रमांक.

नोंदणी क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढा आणि वहीतही लिहा. अर्ज नंतर शोधायला तोच लागतो.

## टप्पा ६: मंजुरी येईपर्यंत

पोर्टलवर मुलाकातीची स्थिती बघता येते. रोज एकदा बघा, ई-मेलचा स्पॅम भागही बघा. वाट बघताना दुसरा, तिसरा अर्ज टाकू नका. एकाच माणसासाठी एकाच तारखेचे तीन अर्ज दिसले, की तपासणाऱ्याला कोणता खरा हे कळत नाही आणि तिन्ही मागे पडतात.

मंजुरीच्या मेलमध्ये वेळ, लिंक आणि आत शिरण्याचा पिन येतो. मेल नीट शेवटपर्यंत वाचा. लिंक कधी ब्राउझरमध्येच उघडते, कधी एखादं ॲप लागतं. मेलमध्ये नाव दिलं असेल तेच ॲप घ्या, तेही प्ले स्टोअरमधून. व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलेली लिंक किंवा फाइल उघडू नका. ‘मी जेलमधून बोलतोय, तुमच्या मुलाला मारहाण झाली, पैसे पाठवा’ असे फसवणुकीचे फोनही येतात. असा फोन आला तर पैसे पाठवू नका. आधी वकिलांना आणि मग जेलच्या अधिकृत नंबरवर फोन करा.

## टप्पा ७: आदल्या दिवशीची तयारी

यंत्राचं काम थोडक्यात. फोन पूर्ण चार्ज करा आणि कॅमेरा-माइकची परवानगी आधीच देऊन ठेवा. फोन हातात धरू नका, पुस्तकांना टेकवून उभा करा. उजेड चेहऱ्यावर पडू द्या, पाठीमागे खिडकी नको. इअरफोन असेल तर उत्तम. घरातले बाकीचे फोन त्या वेळी नेट वापरणार नाहीत एवढं बघा. रामबागेत, नारायण बागेत दाट वस्तीच्या जुन्या वाड्यांत आतल्या खोलीत रेंज जाते. तिथे गॅलरीजवळची जागा धरा, पण रस्त्याचा आवाज येणार नाही अशी.

वेळेच्या पंधरा मिनिटं आधी लिंक उघडा. पलीकडून कोणी दिसलं नाही तरी बंद करू नका. आत बंदींना बैरकीतून आणून बसवायला वेळ लागतो.

बोलण्याची तयारी मात्र यंत्रापेक्षा महत्त्वाची आहे. मुलाकातीची मिनिटं मोजकी असतात. पहिली दोन मिनिटं रडण्यात जातात आणि ते साहजिक आहे. म्हणून एका कागदावर चारच ओळी लिहा: त्याची तब्येत आणि औषधं, पुढची तारीख आणि वकील, पैसे आणि कपडे, घरची एखादी चांगली बातमी. कागद फोनच्या शेजारी ठेवा. कोणती ओळ कोण बोलणार, तेही ठरवा.

## टप्पा ८: मुलाकात

आधी आईला बोलू द्या. ज्याच्याकडे कागद आहे त्याने शेवटची काही मिनिटं राखून ठेवावी.

पलीकडे कर्मचारी असतात, बोलणं ऐकलं जातं. म्हणून या गोष्टी बोलू नका: घटना कशी घडली, कोणी साक्ष दिली, कोणाला जाऊन भेटायचं, पोलिसांना काय सांगितलं. चांगल्या हेतूने बोललेलं वाक्यही प्रकरणात अंगावर येऊ शकतं. ‘त्या शेजाऱ्याशी बोलून बघतो’ एवढंही साक्षीदारावर दबाव म्हणून वाचलं जातं. प्रकरणाबद्दलचं बोलणं वकिलांकडे सोपवा. बंदीला वकिलाशी गोपनीय भेटीचा हक्क आहे, तो कुटुंबाच्या मुलाकातीला नाही.

मराठीत बोलायला हरकत नसते, पण समोरच्या कर्मचाऱ्याने हिंदीत बोला म्हटलं तर वाद घालू नका. त्याला काय चाललंय ते कळायला हवं. दोन वाक्यं हिंदीत बोला, मिनिटं वाचवा.

रेकॉर्डिंग करू नका, स्क्रीनशॉट काढू नका. तो फोटो कौटुंबिक ग्रुपवर गेला, तिथून बाहेर गेला, तर पुढच्या मुलाकाती बंद होऊ शकतात. आजीला बघायचं असेल तर तिचं नाव पुढच्या अर्जात घाला.

लहान मुलांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे घरं सगळ्यात जास्त गोंधळतात. ‘बाबा दुबईला गेलेत’ असं सांगून मुलाला स्क्रीनसमोर बसवू नका. मागची भिंत, युनिफॉर्ममधली माणसं, बाबांचा चेहरा हे मुलाला दिसतं, आणि मग त्याला कळतं की घरातली मोठी माणसं आपल्याशी खोटं बोलतात. वयाला झेपेल एवढं खरं सांगा: बाबा सध्या जेलमध्ये आहेत, कोर्ट ठरवेल, आपण त्यांच्याशी बोलणार आहोत. मुलाला दाखवायला काहीतरी हातात द्या: वहीतलं चित्र, परीक्षेचा पेपर, नुकताच पडलेला दात. मूल बोललं नाही तर जबरदस्ती करू नका, नुसतं दिसणंही आतल्या माणसाला पुरतं. आणि आतल्या माणसाला आधीच निरोप द्या, की मुलासमोर रडू आलं तर चालेल, पण ‘मला इथून काढा’ असं मुलाला म्हणू नकोस.

शेवटच्या मिनिटात कॉल अचानक तुटतो. म्हणून निरोपाचं वाक्य आधीच बोलून घ्या. पुढच्या मुलाकातीची अंदाजे तारीखही सांगा. आतल्या माणसाचे पुढचे दिवस त्या तारखेच्या आधाराने जातात.

कॉल मध्येच तुटला तर: त्याच लिंकवर त्याच पिनने पुन्हा शिरायचा प्रयत्न करा. वेळ संपेपर्यंत बाहेर पडू नका. जमलं नाही तर तारीख, वेळ आणि नोंदणी क्रमांक लिहून ठेवा. दहाव्या टप्प्यात तेच लागेल.

## टप्पा ९: मुलाकाती-मुलाकातींच्या मधला संपर्क

फोन आतून बाहेर येतो, बाहेरून आत जात नाही. मंजूर झालेल्या नंबरांवरच बंदीला बोलता येतं. त्यामुळे घरात सिम बदललं तर लगेच निरोप द्या, नाहीतर नव्या नंबराची मंजुरी पुन्हा पहिल्यापासून. जेलमधला फोन अनोळखी नंबरवरून येऊ शकतो. दुपारी फोन सायलेंटवर टाकणाऱ्या घरांची अशीच चुकामूक होते.

पत्र लिहा. आजही पत्र हाच सगळ्यात स्वस्त संपर्क आहे, आणि व्हिडिओसारखं ते संपत नाही, रात्री पुन्हा वाचता येतं. पत्र तपासलं जातं, म्हणून प्रकरणाबद्दल काही नको. मराठीत लिहिलेलं पत्र तपासायला मराठी वाचणारा माणूस लागतो, त्यामुळे उशीर होऊ शकतो. अक्षर सुटं आणि ठळक काढा, वाक्यं साधी ठेवा. लिफाफ्यावर बंदीचं नोंदीतलं नाव, वडिलांचं नाव आणि जेलचं नाव हिंदीत लिहा.

औषधं स्वतः पाठवू नका. डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट वकिलांमार्फत किंवा खिडकीवर द्या, पुढचं जेलचे डॉक्टर ठरवतात. प्रत्यक्ष भेटीला गेलात तर मूळ ओळखपत्र, त्याची झेरॉक्स आणि अंगावरचे कपडे एवढंच न्या. मोबाईल बाहेर जमा करावा लागतो, झडती होते, बायकांची झडती महिला कर्मचारीच घेतात. तंबाखू, सिम किंवा चिठ्ठी आत पोचवायचा प्रयत्न हा वेगळा गुन्हा आहे. त्यात भेटायला गेलेला माणूसच अडकतो, आणि आतल्याच्या मुलाकाती जातात त्या वेगळ्या.

## टप्पा १०: अर्ज पुन्हा पुन्हा नाकारला गेला तर

आधी तीन रकान्यांचा कागद काढून बघा. चूक सापडली तर दुरुस्त करून नवा अर्ज करा.

चूक नसेल तर जेल अधीक्षकांच्या नावाने हिंदीत लेखी अर्ज द्या. लांबलचक नको. ‘सेवा में, श्रीमान जेल अधीक्षक महोदय’ अशी सुरुवात, खाली बंदीचं नाव, वडिलांचं नाव, प्रकरण क्रमांक, तुमचं नातं, नाकारलेल्या अर्जांचे नोंदणी क्रमांक आणि तारखा, आणि शेवटी एकच मागणी: नाकारण्याचं कारण लेखी कळवावं. दोन प्रती करा, दुसरीवर शिक्का आणि सही घ्या. शिक्क्याविना दिलेला अर्ज पुढे दाखवता येत नाही.

शिक्षा म्हणून किंवा सुरक्षेच्या कारणाने मुलाकात काही काळ थांबवलेली असू शकते. तसं असेल तर ती किती दिवसांसाठी आहे, हेही विचारा. कुटुंबाला भेटणं ही जेलची मेहेरबानी नाही. फ्रान्सिस कोराली मुलीन प्रकरणात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने घरच्यांना आणि मित्रांना भेटण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये धरला आहे. त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, पण कारणाशिवाय ती बंद ठेवता येत नाही. हे वाक्य खिडकीवर भांडायला वापरू नका, वकिलांच्या अर्जात वापरा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे जा. त्यांचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जेलच्या आतही विधी सहायता क्लिनिक असतं. आतल्या माणसाने तिथे नाव दिलं, तर दोन्ही बाजूंनी काम सुरू होतं. नालसाची, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, हेल्पलाइन १५१०० आहे. फोन करताना सीएनआर क्रमांक आणि शिक्क्याची प्रत जवळ ठेवा.

शिक्षा झाल्यावर किंवा गर्दीमुळे माणसाला दुसऱ्या जेलमध्ये हलवलं, तर जुन्या जेलच्या नावाने केलेला अर्ज चालत नाही. नवीन जेलचं नाव समजताच पहिल्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करा. यादीत तुमचं नाव तिथेही आहे ना, एवढं आधी विचारा, मगच तारीख मागा.